भरलं, पण पोसलं का

पोत्यात हात घालून ते मूठभर खाद्य काढत. तळहातावर पसरत, नाकाशी नेत आणि त्यातली एक चिमूट सरळ जिभेवर ठेवत. डोळे मिटून थोडं चघळत, बाजूला थुंकत आणि निकाल सांगत. "पेंड जुनी हाय." किंवा, "मिठाचा हात सैल सुटलाय." समोर उभा असलेला डुकरं पाळणारा माणूस आधी त्यांच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघे, मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे, आणि मग पुन्हा पोत्याकडे.

त्यांचं नाव इथे देत नाही. ती त्यांचीच अट होती. त्यांच्याबद्दल चार ओळी छापायचं पहिल्यांदा ठरलं तेव्हा ते म्हणाले होते, "माझं नाव कामून टाकता? डुकराचा फोटो टाका मोठा. मी जे शिकलो ते त्याच्याकडूनच." निलंगा, मुखेड, नायगाव या पट्ट्यात लोक त्यांना अप्पा म्हणत. लिंगायत घरांत वडीलधाऱ्याला अप्पा म्हणतात, त्यामुळे दर गावात असे अप्पा सापडतील. तेवढी आडोशाची सोय त्यांना पुरेशी वाटे.

पशुधन विकास अधिकारी म्हणून त्यांची नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत झाली. निवृत्त झाल्यावर ते निलंग्याजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. नोकरीत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळं आलं, जीव मात्र डुकरावर. का, याचं उत्तर ते माणूस बघून देत. सहकाऱ्यांना सांगत, "गाईला डॉक्टर लई हायत." मला एकदा म्हणाले, "डुकराला जे घालाल ते त्याच्या अंगावर दिसतंय. ते लपवत न्हाई."

आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या या माणसाने डुकराचं मांस कधी चाखलं नाही, आणि डुकराचं खाद्य चाखल्याशिवाय कधी सल्ला दिला नाही.

पाहुण्यारावळ्यांना हे पचायला जड गेलं. उदगीरचे एक पाहुणे पंगतीला बसले की हमखास विषय काढत. "अप्पा, देवानं एवढी जनावरं केली, तुमाला हेच सापडलं होय?" अप्पा भाकरी मोडत शांतपणे म्हणत, "त्याचं पोट भरलं की ते तोंड फिरवतंय. तुमी तिसऱ्यांदा भात घेऊन राहिलाव. कुणाकडं बघावं, तुमीच सांगा." पाहुणे हसत आणि भातावर आमटी घेत.

त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी या प्रश्नावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. परसात, न्हाणीच्या भिंतीला बाहेरून एक खुंटी होती. डुकरांकडे जायचा खाकी शर्ट त्या खुंटीवर राही. इतक्या वर्षांत तो उंबऱ्याच्या आत आला नाही. स्कूटरचा आवाज आला की आतून अक्का म्हणत, "आधी न्हाणी, मग देव, मग चहा."

"अन् तू?"

"मी चहाच्या नंतर."

माझी त्यांची ओळख फोनवर झाली. आमच्या दैनिकाच्या नांदेड आवृत्तीत आठवड्याचं शेतीचं पान माझ्याकडे असे. एका अंकात आम्ही नायगावजवळच्या एका तरुण पशुपालकाची यशोगाथा छापली होती. मंगल कार्यालयांत उरलेल्या अन्नावर तो डुकरं वाढवी, खाद्याचा खर्च जवळजवळ नव्हता. त्या सकाळी कार्यालयात फोन वाजला.

"पान भरलं हाय. पण पोसलं का?"

कोण बोलतंय, असं मी विचारलं.

"वाचणारा," पलीकडून उत्तर आलं. "चला माझ्यासंगं नायगावला. तुमच्या हिरोला उठवून बघू."

हिरो म्हणजे डुक्कर, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

तरुणाने हौसेने शेड दाखवलं. लग्नसराई जोरात होती. भात, पुऱ्या, बुंदी यांचे पिंप भरून ठेवलेले होते. डुकरं आडवी पडून होती, गोल आणि चकचकीत. "बगा अप्पा, कशी टम्म झाल्यात," तो म्हणाला. अप्पांनी एकाच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यापाशी अंगठा दाबून पाहिला. "झालंय टम्म. आता उठीव." डुक्कर उठलं, चार पावलं चाललं, पुढचे पाय थरथरले आणि ते कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसलं.

"भरलंय," अप्पा म्हणाले. "पोसलं न्हाई."

तुम्ही-आम्ही शाळेत पिष्टमय पदार्थ, प्रथिने, क्षार असे शब्द पाठ केलेले असतात. ते शब्द जनावराच्या पायात कसे दिसतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. अप्पांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत आणि भातालाही दिल्या नाहीत. "भात वाईट न्हाई. मका, ज्वारी, तांदळाची कणी, सगळं चालतंय. त्यानं अंगात दम येतो, चरबी येते. चुलीला लाकूड लागतंयच की. पण नुसतं लाकूड घालत बसलास अन् तव्यावर पीठच थापलं न्हाई, तर भाकर कशी होईल?" पीठ म्हणजे सोयाबीनची पेंड आणि खनिज मिश्रण. लातूरच्या बाजारात पेंडीला तोटा नाही. किती भरड्यात किती पेंड, किती मिश्रण, हे त्यांनी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आणि तिथे सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला नायगावचा माणूस माहीत नाही. हाडांना चुना लागतो, अप्पांच्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य त्याने नीट लक्षात ठेवलं. तो तंबाखू खाणारा. चुना घरात होताच. मिश्रणाबरोबर तो रोज खाद्यात मूठभर चुना टाकू लागला. पुढच्या खेपेला डुकरांच्या पायांवर, पोटावर, कानांमागे कोरड्या खपल्या धरलेल्या. त्याला वाटलं खरूज. त्याने कडुलिंबाचं तेल चोळलं, मग कुणी सांगितलं म्हणून गाडीचं जळकं ऑईल फासलं. आम्ही गेलो तेव्हा डुकरं काळी दिसत होती.

अप्पांनी नेहमीप्रमाणे खाद्य चाखलं. तोंड वाकडं केलं. "पान खायला बोलावलंस का मला?"

मग त्याला जवळ बसवून त्यांनी समजावलं. चामडीला जस्त लागतं. अंगात शिरायला चुना आणि जस्त यांना दार जवळपास एकच. चुना आडदांड, तो दारातच उभा राहतो, जस्ताला आत येऊ देत नाही. "ऑईल धुवून काढ. चुना तुझ्या तंबाखूपुरता ठेव. मिश्रणात लागतो तेवढा चुना आदीच हाय." काही आठवड्यांत खपल्या गळून गेल्या. तो तरुण अजून डुकरं पाळतो, आणि नव्या माणसाला आपलीच फजिती सांगून शिकवतो.

या प्रकारावर मी बातमी केली. मथळा होता, 'खनिज मिश्रणामुळे डुकरांची झपाट्याने वाढ'. सकाळी फोन आला. "झपाट्यानं तर बुंदीनंबी वाढतंय. 'नीट' लिवा." मी त्यांना सांगितलं की 'नीट' या शब्दाने मथळा उठत नाही. ते म्हणाले, "उठायचं डुकरानं हाय." त्यानंतर आमच्या पानावर 'झपाट्याने' हा शब्द जपून पडू लागला. डेस्कवरचे सहकारी त्याला अप्पांचं व्याकरण म्हणत.

त्यांचे दोषही सांगायला हवेत. ते समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. जेवताना डुकराच्या जुलाबावर बोलत. स्कूटर रस्त्याच्या मधून चालवत आणि मागून हॉर्न वाजला की वळून त्या माणसाकडे रागाने बघत. मोबाईलवर लोक जनावरांचे फोटो पाठवत, त्याचा त्यांना तिटकारा होता. "फोटोत वास येत न्हाई," असं म्हणत. पण एकदा ते फोटोवर विसंबले. आता सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

मुखेड तालुक्यातल्या एका गावात सविता नावाची सून डुकरं पाळू लागली होती. घर शेतकऱ्याचं, कोरडवाहू जमीन असलेलं. नवरा छोटा टेम्पो चालवी, मुखेड-निलंगा असा माल नेई. वराहपालनाचं एक शिबिर झालं, त्यात अप्पा शिकवायला होते आणि सविता ऐकायला. शेतकरी घरातल्या सुनेने डुकरं पाळायची, ही गोष्ट त्या गावात घडलेली नव्हती. सासरे तयार नव्हते. नवऱ्याने गळ घातली म्हणून घरामागचं कडब्याचं शेड मिळालं. दोन पांढऱ्या विलायती माद्या आल्या. अप्पा जाऊन शेड बघून आले, खाद्य ठरवून दिलं. तेव्हा शेडमध्ये खाली माती होती.

पावसाळ्यात मातीचा चिखल झाला आणि वास सुटला. भावकीतली माणसं सासऱ्यांना टोमणे मारू लागली. सविताने अप्पांना फोन केला. अप्पा म्हणाले, "सिमेंटचा कोबा करा. धुवायला सोपं." कोबा झाला. ती सकाळ-संध्याकाळ तो धुऊ लागली.

पहिलं वेत झालं तेव्हा अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. लातूरला मुलाकडे ते पट्टी बांधून बसले होते. सविताने पिल्लांचा फोटो पाठवला. पांढरीशुभ्र पिल्लं, खाली स्वच्छ फरशी. एका डोळ्याने बघून अप्पांनी निरोप धाडला, लई छान हायत. दोन-तीन आठवड्यांत त्यातली बरीचशी मेली. थंडीने गेली, असं सगळे म्हणाले. सविताने गोणपाटाचे बोरे लावून शेड बंद केलं आणि दुसऱ्या मादीची वाट पाहिली.

दुसरी मादी व्याली आणि पंधरवड्यात सविताचा पुन्हा फोन आला. त्या वेळी मी अप्पांकडेच बसलो होतो. ते म्हणाले, "फोटो नको. येतो." आम्ही निघालो.

शेडच्या दारात फिनेलचा वास होता. खाली कोबा इतका स्वच्छ की पंगत बसवावी.

"किती बार धुतीस?" अप्पांनी विचारलं.

"दोनदा. कुणी येनार असलं की दुपारीबी. भावकीतलं कुणी आलं की आदी नाक वर करून बघतंय, वास येतो का. वास आला की मामांना बोल लागतोय." मामा म्हणजे तिचे सासरे. "मामांनी सांगून टाकलंय अप्पा. ही खेप उठली तर ठेवा, न्हाई तर शेड खाली करा. अन् ह्या बारीबी तसंच हून राहिलं. चांगली चांगलीच आदी जायलीत. सगळ्यात गुबगुबीत असतंय ते सकाळी उठतच न्हाई. मरतुकडी हायत तशीच."

अप्पा एरवी कुणाला इतकं बोलू देत नसत. त्यांनी वाकून एक जाडजूड पिल्लू उचललं आणि दाराशी उन्हात नेलं. त्याचा कान दोन बोटांत धरून उजेडासमोर केला. निरोगी पिल्लाच्या कानातून ऊन लालसर दिसतं, शिरा मोजता येतात. हा कान कागदासारखा होता. पिल्लाच्या कुशी भराभर हलत होत्या. नुसतं धरलं एवढ्यानेच त्याला धाप लागली होती.

त्यांनी पिल्लू आईजवळ ठेवलं आणि विचारलं, "पैल्यांदा मी आलतो तवा खाली काय होतं?"

"मातीच होती की. तुमीच म्हणलाव ना, कोबा करा."

अप्पा पालथ्या घमेल्यावर बसले. "हाव," ते म्हणाले. "मीच म्हणलो."

काय झालं होतं ते सोपं आहे. डुकराचं पिल्लू फार वेगाने वाढतं. त्या वाढीला रक्त लागतं, रक्ताला लोह लागतं, आणि आईच्या दुधात ते जवळजवळ नसतं. आईला कितीही खनिज मिश्रण घाला, दुधात ते पुरेसं उतरत नाही. मातीत हुंदडणारं पिल्लू नाकाने उकरून आपलं लोह आपण मिळवतं. कोब्यावरच्या पिल्लाला जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. अप्पांनी हे शेकडो लोकांना शिकवलं होतं. सविताकडे तेव्हा माती होती म्हणून सांगितलं नाही, आणि माती काढायला सांगितली तेव्हा लक्षात राहिलं नाही. जे पिल्लू जास्त दूध पिऊन जास्त वाढलं, त्याचं रक्त आधी संपलं.

अप्पांच्या बॅगेत इंजेक्शनं होती. त्यांनी स्वतः प्रत्येक पिल्लाला दिली. मग हात धुतले, विभूती पुसली गेली होती ती बॅगेतल्या दुसऱ्या डबीतून पुन्हा लावली आणि म्हणाले, "चला, मामाकडं."

सासरे ओसरीवर बाजेवर बसले होते. भावकीतले दोघं चहा पीत होते. त्यातला एक म्हणाला, "डॉक्टर, डुकराला साबण कोनता लावता?" दुसरा हसला.

सासरे हसले नाहीत. "बसा डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "सून डुकरं पाळती म्हणून एकदा ऐकून घेतलं. आता तिला पाळताबी येईना म्हणून ऐकून घेऊन राहिलो. मी शेड खाली करनार हाय. तुमी तिला समजवा."

अप्पा बसले नाहीत. "पाटील, पिल्लं तिच्यानं मेली न्हाईत. माझ्यानं मेली."

चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले.

"मी माती काढायला सांगितली अन् सुई द्यायचं सांगायला विसरलो. तिनं मी सांगितलेलं सगळं केलं. एक गोष्ट चुकवली न्हाई. म्हणूनच पिल्लं मेली. जरा आळशी असती, कोबा धुतला नसता, कोपऱ्यात माती राहिली असती, तर जगली असती."

सासरे बाजेवर पुढे सरकले. "तुमचंबी चुकतंय होय?"

"चुकतंय. घरात सांगून भागलं असतं, पण तिला बोल चारचौघात लागलाय. म्हणून इथं सांगायला आलो." साबणाचं विचारणाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "तुमीबी सांगा चार जनाला. तुमचं ऐकतेत लोक."

सविता दाराच्या आत उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

"मंग आता?" सासऱ्यांनी विचारलं.

"सुया दिल्यात. माती मी देतो. थोडे दिवस थांबा. तंवर कडबा भायेर असू द्या."

गावातली काळी माती त्यांनी घेऊ दिली नाही. लोह तिच्यातही असतं, पण त्या मातीवर गावची मोकाट डुकरं फिरतात, जंतांची अंडी येतील. निलंग्याकडे त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला लाल माती आहे. तिथे बांधावर जनावर जात नाही. सविताचा नवरा माल घेऊन निलंग्याला गेला तेव्हा येताना टेम्पोत दोन पोती लाल माती घेऊन आला. ती अप्पांनी स्वतः खणून, चाळून, उन्हात वाळवून ठेवली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने वाकायचं नसतं, हे अक्का पोती भरतानाही शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, असं सविताच्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं.

शेडच्या एका कोपऱ्यात ती माती ओतली. पिल्लं आधी बिचकली, मग सगळी एकदम तिच्यावर तुटून पडली.

त्या खेपेतली आणखी दोन पिल्लं गेली. बाकीची उठली. कान लाल झाले, धाप थांबली. महिन्याभराने मी त्या बाजूला गेलो तेव्हा सासऱ्यांनी शेडबद्दल होय-नाही काहीच सांगितलेलं नव्हतं. फक्त कडब्याची गंजी त्यांनी विहिरीजवळ रचून घेतली होती. सविता मला म्हणाली, "मामांनी गंजी तिकडं रचली, तवाच म्या समजले."

मी बातमी केली. अप्पांनी दोन अटी घातल्या. नाव नको, पण चूक कुणाची ते स्पष्ट छापायचं. 'निवृत्त पशुवैद्यकाने सल्ला देताना राहून गेलेली गोष्ट' असं आम्ही छापलं आणि कोब्यावरच्या पिल्लांना लोह कधी आणि कसं द्यायचं ते सविस्तर दिलं. मथळ्यात 'नीट' हा शब्द होता. सकाळी फोन आला. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होतो.

"पोसलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बातमीदारीत कौतुकाची पत्रं येतात, धमक्याही येतात. मी दोन्ही फारसं लक्षात ठेवत नाही. हा एक शब्द मात्र राहिला आहे. पुढे कुठल्याही बातमीत आपलीच माहिती तोकडी पडली की ती तशी छापायला माझा हात अडला नाही. हे मी त्यांच्याकडून घेतलं, आणि ते असताना त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. फार आजारी नव्हते. त्यांच्या समाजात दहन करत नाहीत, दफन करतात. शेताच्या वरच्या अंगाला, लाल मातीत, त्यांना बसवून माती दिली. नायगावचा तो माणूस आला होता. सविता आणि तिचा नवरा टेम्पोने आले होते. तिचे सासरेही आले होते. सगळ्यांच्या मागे, डोक्यावरचा फेटा काढून, ते एकटे उभे होते.

काही दिवसांनी मी अक्कांना भेटायला गेलो. परसात हात-पाय धुवायला गेलो तेव्हा सवयीने खुंटीकडे नजर गेली. खुंटी रिकामी होती. माझं बघणं अक्कांच्या लक्षात आलं.

"शर्ट धुवून घरात घेतलाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या कपाटात हाय." मग पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "आता न्हाणीला कुणी जात न्हाई, चहा मातर लवकर होतोय."

निघताना त्यांनी सवितासाठी निरोप दिला. बांधाच्या खालच्या टोकाची माती चांगली आहे, लागेल तेव्हा नेत जा, त्यांनी सांगून ठेवलंय.

निरोप द्यायला मी मुखेडकडे गेलो. शेड आता मोठं झालं आहे. मादी नुकतीच व्यालेली होती. पिल्लांना इंजेक्शनं देऊन झाली होती, तरी कोपऱ्यात लाल मातीचा छोटा ढीग होता आणि पिल्लं त्यात नाकं खुपसून होती. सगळ्यांची तोंडं लाल.

"सुई देतेस ना? मग माती कशाला?" मी विचारलं.

"सुई पिल्लांसाठी," सविता म्हणाली. ढिगाकडे बघून हसली. "ही असू द्या."

तेवढ्यात टेम्पोतून खाद्याची नवी पोती उतरली. सासरे काठी टेकत आले. त्यांनी एक पोतं सोडायला लावलं, आत हात घालून मूठभर खाद्य काढलं, तळहातावर पसरलं आणि नाकाशी नेलं. मग इकडेतिकडे कुणी भावकीतलं नाही ना, हे न बघता, एक चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटून थोडं चघळलं, बाजूला थुंकले.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.